अंग कोरडं पडतंय, खाज सुटतेय आणि घरातले म्हणतात पोट बघ

माझ्या नडगीवर नखाने रेघ ओढली की पांढरीफटक उमटायची, आणि रात्री पांघरुणात ऊब आली की खाज अशी सुटायची की झोपेतच खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. आजीचं एकच पालुपद, तुझा कोठा साफ नाही, ते अंगावर निघतंय, घे एरंडेल. ते घेऊन दिवसभर संडासच्या वाऱ्या झाल्या, बाकी काही नाही. मग मी नेटवर वाचून एकाच आठवड्यात दूध, गहू, अंडी, वांगं सगळं बंद केलं, दीड महिन्यात ४ किलो उतरले आणि खाज जिथल्या तिथे. तर तुम्ही असला घोळ घालू नका, काय कुठल्या क्रमाने करायचं ते सांगते.

आजी अर्धी बरोबर होती बरं का. पोटातली घाण रक्तात मिसळून कातडीतून बाहेर पडते असलं काही होत नाही, शरीराची साफसफाई लिव्हर आणि किडनी करतात. पण मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आपण खाल्लेला चोथा, म्हणजे फायबर, आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं आणि इम्युनिटीचा उगाच झालेला भडका शांत राहायला मदत होते, आणि त्याच इम्युनिटीच्या पेशी त्वचेतही असतात. शिवाय झिंक, लोह, चांगले फॅट्स आतड्यातून नीट शोषलेच गेले नाहीत तर कातडी कोरडी पडणारच. कल्पना नवीनही नाही, १९३० मध्ये स्टोक्स आणि पिल्सबरी या दोन अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मन, आतडं आणि त्वचा यांचा असा संबंध मांडला होता आणि उपायांत आंबवलेलं दूधही सुचवलं होतं. पण दुसरी बाजू अशी की इसब, म्हणजे एक्झिमा, असलेल्या बऱ्याच लोकांची मूळ अडचण त्वचेच्या भिंतीतच असते, फिलॅग्रिन नावाच्या प्रोटीनच्या जीनमधला दोष २००६ मध्ये सापडला तो हाच. भिंतच गळकी असेल तर नुसतं ताक पिऊन काय होणार?

म्हणून पहिले दोन आठवडे खाण्यात काहीही बदलायचं नाही, फक्त बाहेरून दुरुस्ती. दोन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळतच नाही, माझं तेच झालं होतं. गीझरचं कढत पाणी बंद, कोमट पाण्याने ५-१० मिनिटांत अंघोळ, साबण फक्त काखा, जांघा आणि पायांना, कारण त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ५ आणि वडीच्या साबणाचा ९-१० असतो. उटणं, घासणी, बेसन-लिंबू काही नको. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच २-३ मिनिटांत पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं घट्ट क्रीम हात राखून न ठेवता लावायचं. खोबरेल चालतं, पण जखमा झालेल्या नसतील तर. आणि भरपूर पाणी प्या म्हणजे त्वचा ओली राहील असं सगळे सांगतात, पण डिहायड्रेशन झालेलं नसेल तर जास्तीचं पाणी फक्त लघवीला जातं.

हे सगळं करायच्या आधी एक बघा, घरात अजून कुणाला रात्री खाज सुटते का, बोटांच्या बेचक्यात पुरळ आहे का? असेल तर ती खरूज असू शकते. गोल चट्टा कडेने पसरतोय तर गजकर्ण. यात पोटाचा काही संबंध नाही, औषध डॉक्टरकडूनच घ्यायचं. मेडिकलवाला हसत हसत जी 'सगळ्यावर चालते' ती ट्यूब देतो ना, तिच्यात बरेचदा जोरदार स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि गजकर्ण आतून पसरत जातं.

या दोन आठवड्यांत वही मात्र सुरू करा, मोबाईलमध्येही चालेल. माझी एक नोंद अशी आहे: 'मंगळवार, खाज ७ पैकी १०, संडास नाही, ऑफिसात वडापाव आणि दोन चहा, रात्री गरम पाण्याने डोकं धुतलं, झोप ४ तास.' (१० पैकी ७ म्हणायचं होतं, खाजवता खाजवता लिहिलंय.) महिन्याभराने पानं उलटली तर पोट बिघडलेले दिवस आणि खाजेचे दिवस फारसे जुळत नव्हते, जुळत होते ते कढत पाण्याचे आणि कमी झोपेचे. तुमचं वेगळं निघेल, म्हणून तर लिहायचं.

तिसऱ्या आठवड्यापासून पोट. इथे तोडायचं नाही, वाढवायचं. दिवसाला २५-३० ग्रॅम फायबर लागतं आणि पाव-बिस्किट-पांढरा भात यात ते भरत नाही, ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, गवार, पेरू, वर जवसाची चटणी असं रोज काहीतरी. एकदम वाढवलं तर पोट नगाऱ्यासारखं फुगेल, आठवड्याला एक पदार्थ वाढवा. ताक घरच्या विरजणाचं घ्या आणि कच्चंच प्या, कढी उकळली की त्यातले बॅक्टेरिया मेले, चवीला करा खुशाल. इडलीचंही तेच. प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियाच्या, कॅप्सूलवर मात्र पैसे घालवू नका, कोक्रेन ही संस्था औषधोपचारांच्या चाचण्या एकत्र तपासते, तिच्या २०१८ च्या आढाव्यात ३९ चाचण्या आणि जवळपास २६०० लोक धरून इसबाच्या त्रासात फारसा फरक दिसला नव्हता. ताकाने इसब जातं असंही मी म्हणत नाही. माझा गॅस आणि कुंथणं दोन-तीन आठवड्यांत कमी झालं, पायांचं श्रेय निम्म्याहून जास्त व्हॅसलिनला.

आता एखाद्या पदार्थाचा संशय वहीतून खरंच येत असेल तर तो एकच, २ ते ४ आठवडे बंद ठेवा आणि मग मुद्दाम परत खाऊन बघा. हे परत खाणं लोक टाळतात आणि वर्षभर उगाच दुधाशिवाय राहतात. पण तो पदार्थ खाऊन लगेच ओठ सुजले, गांधी उठल्या, धाप लागली असं कधी झालं असेल तर हा प्रयोग घरी करायचा नाही. लहान मुलांचं दूध-अंडी तर स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, वाढ खुंटते, आणि इसब असलेल्या मुलात पदार्थ बरेच दिवस बंद ठेवून परत दिला तर खरी ॲलर्जी उसळू शकते. रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटिबॉडीवरून शंभर पदार्थांची यादी देणारी महागडी टेस्टही नको, आयजीजी वाढलंय म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाताय एवढंच.

डॉक्टरकडे जायला उशीर करू नका असं कधी? वजन उतरतंय, शौचात रक्त पडतंय, जुलाब आठवडेच्या आठवडे थांबत नाहीत, हिमोग्लोबिन वर येत नाही. चट्ट्यातून पू किंवा पिवळी खपली आली, ताप आला तर त्याच दिवशी. अंगावर काहीच दिसत नाही पण खाज सगळीकडे, तर लिव्हर, किडनी, थायरॉइड, शुगर तपासायला सांगतात, आणि सोबत डोळे पिवळे किंवा लघवी गडद असेल तर दोन आठवड्यांचा प्रयोग वगैरे सोडा. कोपर, गुडघे, कुल्ल्यांवर दोन्हीकडे सारखेच खाजरे बारीक फोड येत असतील तर तो गव्हातल्या ग्लुटेनने होणारा सिलिॲक आजार त्वचेवर दिसत असू शकतो, आणि तिथे पोट-त्वचा संबंध अगदी थेट असतो. त्यासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी असते, पण ती होईपर्यंत चपाती खात राहायची. लोक आधी गहू सोडतात, मग टेस्ट करतात, ती निगेटिव्ह येते आणि परत सगळं पहिल्यापासून.