पोर वाचायला कंटाळतं? आधी हे बघा

आमच्या गोव्यात घरी कोंकणी, शाळेत मराठी नाहीतर इंग्लिश, त्यामुळे मूल अडखळलं की लोक म्हणतात भाषेचा घोळ आहे, होईल बरोबर. म्हणून पहिलं काम हे की पोर फक्त इंग्लिशमध्येच अडतं की घरच्या भाषेतही घ-ध, भ-म गोंधळतं, वेलांट्या गाळतं ते बघा, कारण सगळ्याच भाषांत तसं होत असेल तर डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना येणारी अडचण, असू शकतो, नुसता भाषेचा घोळ नाही. डोळे आणि कान मात्र आधी तपासून घ्या, अर्धे लोक हेच विसरतात!

मग वह्या, पेपर घेऊन टीचरना भेटा, भांडायला नको. मुलासमोर ‘आळशी’ तर अजिबात नको.

डिस्लेक्सियाच्या तपासणीसाठी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, सर्टिफिकेट मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक मागता येतो, पण दहावीच्या फेब्रुवारीत धावाधाव करू नका, वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत कागद द्या.

घरी रोज पंधरा मिनिटं, तुम्ही मोठ्याने वाचा, त्याने बोट फिरवायचं. चतुर्थीच्या सुट्टीत नाही वाचलं तरी चालतंय.