कुर्लीच्या गाण्याची चाल मोजताना

कुर्ली म्हणजे खेकडा. तिच्यावर सरावापुरत्या या चार ओळी रचल्या आहेत:

तिरकी तिरकी चाले कुर्ली
वाळूमध्ये बिळात शिरली
ये गं भायर, लाट म्हणाली
कुर्ली लाजुन आत पळाली

आधी मोठ्याने म्हणा आणि दर 4 मात्रांना टाळी द्या. ऱ्हस्वाची 1 मात्रा, दीर्घाची 2. अनुस्वार असलेलं किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात झेलणारं ऱ्हस्वही 2 मात्रांचं, म्हणून 'कुर्ली'तला 'कु' गुरू. 'तिरकी', 'तिरकी', 'चाले', 'कुर्ली': 4 टाळ्या, 16 मात्रा. 8-8चे दोन तुकडे पडतात, हे पादाकुलक वृत्त.

'लाट म्हणाली'त बरेच जण अडखळतात. 'म्ह' दिसायला जोडाक्षर, पण त्याचा आघात मागच्या 'ट'वर येत नाही. 'ट' लघूच. तो गुरू धरलात तर 17 होतील. 'लाजुन'चं 'लाजून' करायचा मोहही आवरा, तिथेही एक मात्रा वाढते. कवितेत हा ऱ्हस्व चालतो.

आता खरी मेख. प्रत्येक ओळीत अक्षरं 10च आहेत, त्यामुळे हा अक्षरछंद वाटू शकतो. मालवणी 'भायर'च्या जागी 'बाहेर' घालून पाहा. अक्षरं 10च राहतात, मात्रा 17 होतात आणि टाळी चुकते. म्हणजे चाल मात्रांवर उभी आहे, अक्षरांवर नाही.

यमक डोळ्यांनी नाही, कानांनी तपासा. 'शिरली'तला 'र' बोलताना अर्धाच उरतो, म्हणून 'कुर्ली'शी जुळतो. पण त्याआधीचे स्वर उ आणि इ, वेगळे. 'म्हणाली–पळाली'त मागचे स्वरही जुळतात, ते यमक जास्त पक्कं. शेवटी चारही ओळींत 'ली' आहे, यात मात्र फार कौतुक नको: कुर्ली आणि लाट दोन्ही स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापदांतली 'ली' फुकटच मिळते.

पुनरावृत्ती नुसती मोजू नका, काढून बघा. दुसऱ्या 'तिरकी'ऐवजी 'हळुहळु' घाला. 4 मात्रा भरतात, ठेका टिकतो, पण तिरकं, पुन्हा तिरकं असं सरकणं जातं. म्हणजे ते 'तिरकी' भरतीचं नव्हतं.

अलिबागकडे म्हणायचं तर कुर्लीची चिंबोरी होणार, आणि पहिली ओळ 18 मात्रांवर जाणार. 'तिरकी तिरकी ही चिंबोरी' केलं की 16 जमतात. दुसरी ओळ मात्र 'ओरी'वर संपणारी नवीच लिहावी लागेल.