सोलापुरात कमी बजेटमध्ये भाड्याचं घर शोधताय? आधी हौदाचं झाकण उघडा

पंधरा वर्षांत सोलापुरात सहा घरं बदलली. शिवाय नात्यातली पोरं, मिस्टरांच्या कारखान्यातली पोरं धरून अजून दहा-बारा जणांना तरी घरं शोधून दिली असतील, म्हणून हे लिहायला बसले. नेटवर घर शोधायचे जे सल्ले मिळतात ते सगळे पुण्या-मुंबईचे. मेट्रो किती लांब, लिफ्ट आहे का, जिम आहे का. पंधरा हजार पगारावर दोन खोल्या शोधणाऱ्या सोलापूरकराला त्याचा काडीचा उपयोग नाही. इथे घर राहण्यासारखं आहे का नाही ते पाणी ठरवतं, फरशी कसली आहे, किचन ओटा ग्रॅनाईटचा आहे का, हे सगळं त्याच्या मागून.

आधार, पॅन, फोटो, डिपॉझिटचे पैसे हे तुम्ही तयार ठेवलं असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

एरिया कामावरून ठरवा

जो तो म्हणतो जुळे सोलापूर बघा, चांगला एरिया आहे. आहेच चांगला, पण नोकरी चिंचोळी एमआयडीसीत असेल तर रोज अख्खं शहर ओलांडून पुणे रोडला जायचं का? रोजचं जाणं-येणं 30 किलोमीटर धरा, महिन्याला 26 दिवस, म्हणजे 780 किलोमीटर झाले, गाडी 50 चं अॅव्हरेज देत असली तरी पंधरा-सोळा लिटर पेट्रोल. पंधराशेच्या वर गेले की नाही? त्यापेक्षा बाळे-केगावकडे हजार रुपये जास्त भाडं दिलेलं परवडतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम असेल तर त्याच रोडला किंवा अशोक चौकाच्या बाजूला बघा. होटगी रोड, विजापूर रोडला काम असेल तर मग जुळे सोलापूर, सैफुल, आसरा बघा.

पूर्व भागात घर बघताना एक लक्षात ठेवा, शेजारी यंत्रमाग आहे का ते विचारा. मागाचा खटखट आवाज लहानपणापासून ऐकलेल्याला झोप येते, बाहेरून आलेल्याला नाही येत, भिंतीसुद्धा थरथरते. आणि सुट्टीच्या दिवशी घर बघितलं तर माग बंद असतात, काही कळत नाही. कामाच्या दिवशी, रात्री नऊनंतर एक चक्कर मारा.

शोधायचं पायी

मोबाईलवर बघून घर मिळत नाही, निदान या बजेटमध्ये नाही. संध्याकाळी गाडी लावा आणि गल्लीगल्लीतून चाला. किराणावाला, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला या तिघांना गल्लीत कोण कधी घर सोडणार ते बोर्ड लागायच्या आधी माहीत असतं. एजंट एक महिन्याचं भाडं घेतो, ते वाचतं. आणि घर न बघता कोणी टोकन पाठवा म्हणालं, मिलिटरीत आहे, बदली झालीय, चावी कुरिअर करतो, असलं काही, तर तिथंच फोन ठेवा.

पाणी

आता नीट वाचा, कारण मी इथेच फसले होते.

सोलापूरला पाणी येतं उजनीतून, शंभर किलोमीटरच्या वर लांबीच्या पाईपलाईनने, शिवाय टाकळीला भीमेतून आणि हिप्परग्याच्या तलावातून. तरी बहुतेक भागात नळ रोज येत नाही, दोन-तीन दिवसाआड, कुठे चार, कुठे पाच, आणि येतो तेव्हा वेळेचा भरवसा नाही. उजनी शंभर टक्के भरलेलं असलं तरी हे असंच असतं, त्यामुळे घरमालक जर म्हणाले की यंदा पाऊस चांगला झालाय, पाण्याचं टेन्शन नाही, तर ते उत्तर धरू नका. धरणात पाणी असणं वेगळं आणि तुमच्या घागरीत असणं वेगळं.

2012 च्या दिवाळीनंतर आम्ही तिसरं घर घेतलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्लॅबचं घर, भाडं बजेटमध्ये. मी विचारलं पाण्याचं कसं, घरमालक म्हणाले "चोवीस तास पाणी हाय ताई, बघा की" आणि त्यांनी नळ सोडून दाखवला. भसाभसा पाणी आलं. मी खूश झाले आणि त्याच दिवशी डिपॉझिट दिलं. जे मी बघितलं नाही ते असं, की ते पाणी बोअरचं होतं, वर हजार लिटरची एकच टाकी होती आणि ती पाच बिऱ्हाडांत होती, महापालिकेचं कनेक्शन सगळ्यांना मिळून एक अर्ध्या इंची, आणि ते पडायचं घरमालकाच्या हौदात, ज्याला कुलूप. डिसेंबरपर्यंत काही कळलं नाही. ते दुष्काळाचं वर्ष होतं, फेब्रुवारीत बोअर दहा मिनिटं चालून हवा फेकायला लागलं. मग रात्री दोन-अडीचला नळ आला की आधी त्यांचा हौद भरायचा, मग खालच्यांचं, मग आमचा नंबर. दोन वर्षांची मुलगी झोपेतून उठून रडतेय आणि मी घागर घेऊन जिना चढतेय, असे तीन महिने काढले. मे महिन्यात घर सोडलं तर अकरा महिने झाले नाहीत म्हणून डिपॉझिटमधून चार हजार कापले. ते चार हजार मला अजून आठवतात.

तेव्हापासून मी नळ सोडून बघतच नाही. नळ सोडून बघणं याला काही अर्थ नाही, टाकी भरलेली असली की कुठलाही नळ चालतो. मी काय बघते ते सांगते.

आधी कनेक्शन. महापालिकेचा नळ आहे का, कितीचा आहे, आणि त्याच्यावर किती बिऱ्हाडं आहेत. नळ कुठे आहे तो प्रत्यक्ष दाखवा म्हणा. तो जर रस्त्याच्या पातळीच्या खाली, दोन-तीन फूट खड्डा करून बसवलेला असेल तर समजायचं की इथे प्रेशर नाही, वर पाणी चढत नव्हतं म्हणूनच कोणीतरी तो खड्डा खणलाय. खड्ड्यात गटाराचं पाणी उतरतं का तेही बघा, पावसाळ्यात पोटं बिघडतात ती तिथून. नळाला डायरेक्ट मोटार लावून ओढतो असं कोणी अभिमानाने सांगितलं तर ते नियमात बसत नाही, आणि शेजारच्यानेही लावली की तुमच्याकडे थेंब येत नाही, रोज भांडण.

मग हौद. झाकण उघडायला लावा. लाजू नका, मी पहिल्यांदा लाजले होते. टेप घेऊन जा, लांबी, रुंदी, खोली फुटात मोजा, तिन्हीचा गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा, तेवढे लिटर. चार बाय चार बाय चारचा हौद म्हणजे 64 गुणिले 28, साधारण अठराशे लिटर. आता हिशेब. सरकारी नियोजनात शहरातल्या माणसाला दिवसाला 135 लिटर धरतात, आपण काटकसरीने 80 धरू. घरात चार माणसं म्हणजे रोज 320, दर पाचव्या दिवशी नळ येत असेल तर सोळाशे लिटर. म्हणजे हा अठराशेचा हौद एका कुटुंबाला बरोबर पुरतो. तोच हौद तीन बिऱ्हाडांत असेल तर दुसऱ्या दिवशी बोंब. हौद नसेल तर टिपाडं ठेवायला जागा आहे का बघा, दोनशे लिटरची निदान आठ लागतात आणि ती गॅलरीत सगळी एका जागी ठेवू नका, एक टिपाड भरलं की दोनशे किलो वजन होतं.

तिसरं, मोटारीचं बटण कोणाच्या घरात आहे. हे कोणीच विचारत नाही आणि सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. बटण घरमालकाच्या बेडरूममध्ये असेल आणि ते गावाला गेले तर तुम्ही काय करणार? बटण किंवा चावी आपल्याकडे पाहिजे, निदान जिन्यात कॉमन पाहिजे.

बोअरवर भरवसा फक्त वापरायच्या पाण्यापुरता ठेवा. आपल्याकडे खाली काळा दगड आहे, फेब्रुवारी-मार्चनंतर कितीतरी बोअर आटतात. पाणी क्षाराचं आहे का ते बाथरूममध्ये दिसतं, नळाच्या तोंडाशी पांढरा खरखरीत थर, बादलीच्या आतून पांढरी रेघ. अशा पाण्याला साबणाचा फेस येत नाही, गीझर लवकर जातो, डाळ शिजत नाही.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं, शेजारच्या बायकांना विचारा. घरमालकासमोर नाही, परत जाताना एकट्यात. पण "पाणी येतं का" असं विचारू नका, कारण "येतं की" हेच उत्तर मिळतं, कोणाला परक्या माणसाजवळ गल्लीची बदनामी करायची नसते. असं विचारा: अक्का, मागच्या वेळी नळ कधी आला होता? किती वाजता? किती वेळ होता? एकदा एका अक्कांनी मला पटकन सांगितलं, परवा रात्री दीडला आला, पाऊण तास होता, त्यात निम्मा वेळ गढूळच. त्या घराचं भाडं खूप कमी होतं आणि फरशी नवी होती, तरी मी ते घर सोडलं, आणि बरोबर केलं.

जमलं तर नळाच्या पाळीच्या दिवशीच घर बघायला जा. आणि भाडं पाचशे-सातशेने जास्त पण स्वतंत्र नळ आणि स्वतंत्र हौद असेल तर डोळे झाकून तेच घ्या. मे महिन्यात टँकरवाल्याच्या मागे पळायला लागलं की ते पाचशे कुठल्या कुठे जातात.

ऊन

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 ला जातो. पत्र्याचं घर लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर नको. सगळ्यात वरचा मजला असेल तर दुपारी चारला जाऊन पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा.

लाईटचं मीटर

महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे का, की घरमालकाने मधे सबमीटर बसवलंय? घरगुती बिलात पहिली 100 युनिट स्वस्त असतात, 101 पासून 300 पर्यंतचा दर एकदम वाढतो, पुढे अजून. चार बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की एकूण युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि तुम्ही दोन पंखे, एक फ्रीज वापरून 90 युनिट जाळले तरी महागाचा दर भरता. युनिटला किती घेणार ते आधीच बोलून घ्या.

करारनामा

पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, तेवढं पुरतं, असं दहातले आठ जण सांगतात. पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, त्यात भाडेकरार लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे असं आहे, अकरा महिन्यांचा असला तरीसुद्धा, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकावर टाकलीय. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये, स्टॅम्प ड्युटी करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटचा हिशेब धरून थोडी अजून. सहा हजार भाडं असेल तर अकरा महिन्यांचे 66 हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे 165 रुपये. एवढ्यासाठी नोटरीवर थांबायचं का? ऑनलाईन होतं, माणूस घरी येऊन अंगठा आणि फोटो घेऊन जातो, त्याची मजुरी वेगळी. खर्च अर्धा-अर्धा करू म्हणा, बहुतेक घरमालक तयार होतात.

करारात तीन ओळी घालून घ्या. हौद आणि मोटार कोण वापरणार. पाणी बंद पडलं तर टँकरचे पैसे कोण देणार. एक महिन्याची नोटीस देऊन घर सोडलं तर डिपॉझिट पूर्ण परत. या तिसऱ्या ओळीवर घरमालक कुरकुर करतात, करू द्या, पण ती ओळ असल्याशिवाय सही करू नका. तोंडी "आपण काय परके आहोत का" म्हणणारेच नंतर पैसे कापतात, मी अनुभवलंय. पोलीस व्हेरिफिकेशन त्याच आठवड्यात करून टाका.

नॉनव्हेज, पाहुणे, रात्री उशिरा येणं, हे आधीच स्पष्ट सांगा. खोटं बोलून मिळवलेल्या घरात रोज शेजाऱ्यांना घाबरत चुलीवर रस्सा ठेवायला लागतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेला जानेवारीत आमच्याकडे गावाकडची आठ-दहा माणसं दोन-तीन रात्री मुक्कामाला असतात, हे मी प्रत्येक घरमालकाला पहिल्या भेटीतच सांगते. ज्यांना चालत नाही त्यांचं घर आपलं नाही.

सामान हलवायच्या दिवशी

सामान आत घ्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतीच्या भेगा, तुटलेली कडी, बेसिन, सगळं. मीटरचं रीडिंग फोटोत घ्या आणि तो फोटो घरमालकाला लगेच व्हॉट्सअॅप करा म्हणजे तारीख राहते. मागच्या भाडेकरूचं लाईट बिल आणि पाणीपट्टी भरलीय का ती पावती बघा. आणि टेम्पो नळाच्या पाळीच्या आदल्या दिवशी आणा, म्हणजे हौद आतून घासून घ्यायला एक रात्र मिळते.