सायकल घेऊन पहिल्यांदाच रेल्वेने जाताना

तिकिटाआधी एवढं विचारून घ्या: या गाडीत सायकल अख्खी नेता येते, सुटी करून पिशवीत भरावी लागते, की सामानाच्या डब्यात द्यावी लागते? जागा मोजक्या असतील तर सायकलचंही आरक्षण लागतं. पिशवीला लांबी-रुंदीची मर्यादा असेल तर ती टिपून ठेवा. वाटेत गाडी बदलणार असाल तर दुसऱ्या गाडीचे नियमही बघा. बॅटरीवरच्या सायकलसाठी वेगळी चौकशी करा.

अख्खी नेता येत असेल तर काम सोपं. सायकलचा डबा कुठे थांबतो ते विचारून आधीच तिथे उभे राहा. पिशव्या, बाटली, पंप आधी उतरवा. भरलेली सायकल आकड्याला टांगताना हात भरून येतात. उभी ठेवायची असेल तर ब्रेकची मूठ दाबून पट्ट्याने हँडलला बांधा, म्हणजे सायकल घरंगळत नाही.

सुटी करायची असेल तर तालीम घरीच करा, फलाटावर नाही. १५ मि.मी.चा पाना, ४, ५, ६ आणि ८ मि.मी.च्या अ‍ॅलन की (षटकोनी किल्ल्या), जुनी फडकी आणि पाच-सहा पट्टे एवढ्यावर बहुतेक सायकली सुट्या होतात.

सुरुवात पॅडलपासून. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात आणि नवखा माणूस हमखास इथेच अडतो: जोर लावतो आणि पॅडल आणखी घट्ट करून बसतो. दिशा पाठ करायची गरज नाही. पाना पॅडलवर मूठ वर येईल असा उभा लावून मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंची पॅडल सैल होतात. क्रँक, म्हणजे पॅडल बसवलेला दांडा, उलटी फिरत राहते, म्हणून पलीकडच्या बाजूची क्रँक पट्ट्याने फ्रेमला बांधा.

मागचं चाक काढण्याआधी चेन मागच्या सर्वांत लहान चकतीवर आणा. डिस्क ब्रेक असेल तर चाक निघाल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकची मूठ चुकून दाबली गेली तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही.

सर्वांत जास्त जपायचा तो मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग. तो ज्या हँगरवर बसतो तो बऱ्याच सायकलींत मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, धक्क्याने वाकतो. वाकलेल्या हँगरमुळे डिरेलर सर्वांत हलक्या गिअरमध्ये आऱ्यांत अडकू शकतो. म्हणून ५ मि.मी.च्या कीने तो सोडवा, फडक्यात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा.

हँडल काढताना स्टेमच्या (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाच्या) पुढच्या झाकणाचेच बोल्ट सोडा. वरच्या टोपीला हात लावू नका, नाहीतर बेअरिंगचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून टेप चिकटवा. चाकांच्या मधून जाणारे दांडे काढून पॅडलसोबत एका छोट्या पिशवीत ठेवा. चाकं फ्रेमच्या दोन्ही बाजूंना, मधे फडकी, आणि सगळं एकत्र करकचून बांधा. टायरची सगळी हवा काढायची गरज नसते, ट्यूब थोडी मऊ केली तरी पुरे.

जोडताना पॅडल आधी हातानेच फिरवा. आटे तिरके बसले तर क्रँक वाया जाते. स्टेमचे बोल्ट आळीपाळीने, तिरप्या क्रमाने आवळा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा, मागचं चाक उचलून सगळे गिअर फिरवा, सर्वांत हलका शेवटी, आणि तेव्हा डिरेलर आऱ्यांपासून किती लांब राहतो ते डोळ्यांनी तपासा.