केबलचे नेट मंदावले? खर्च करण्याआधी दोष शोधा

मिरग लागला की गोव्यात घरोघरी दोन तक्रारी ऐकू येतात. वीज गेली आणि नेट रखडले. वीज परत येते, पण नेट कित्येक घरांत चवथ होईपर्यंत तसेच अडखळत राहते. मग कोणी नवा राऊटर आणतो, कोणी महागडा प्लॅन घेतो. पैसे जातात, वेग तेवढाच राहतो, कारण दोष कुठे आहे हे कोणी पाहिलेलेच नसते.

दोष घरातल्या वायफायमध्ये असेल, भिंतीवरून आलेल्या तारेत असेल किंवा बाहेर केबलवाल्याच्या लाइनवर असेल. यातला नेमका कुठला, हे ठरेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. ते ठरवायला एक दिवस आणि एक लॅन केबल पुरते.

आधी तार ओळखा

हल्ली केबलवाला तीन प्रकारे नेट देतो. आटे फिरवून बसवायचा गोल कनेक्टर आणि मधोमध एक जाड तार असेल, तर ती टीव्हीसारखी कोॲक्स केबल. नाजूक पिवळी किंवा पांढरी तार आणि निळ्या-हिरव्या रंगाचे छोटे प्लग असतील, तर फायबर. टिक आवाज करून बसणारा चौकोनी प्लग असेल, तर लॅनची तार. पुढे तारेबद्दल जे सांगितले आहे ते कोॲक्सचे आहे. वायफायचे आणि मोजणीचे तिन्हींना लागू पडते. फायबर असेल आणि एलओएसचा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाश पोहोचतच नाही. तेव्हा घरी काही उघडत बसू नका, सरळ फोन करा.

मग मोजा, आणि तारेने मोजा

प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना संगणक मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला ११-१२ एमबी उतरत असतील, तर नेट पूर्ण वेगाने चालले आहे. महिन्याची डेटा मर्यादा संपली आहे का, हेही ॲपमध्ये पाहून घ्या. ती संपली की वेग ठरल्याप्रमाणे खाली येतो आणि दोष शोधण्यात दिवस फुकट जातो.

आता सगळ्यांचे फोन आणि टीव्ही वायफायवरून काढा. लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला, म्हणजे बाहेरची तार ज्या डब्यात येते त्याला, जोडा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी सहाला, दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास, अशी तीनदा. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) असे तिन्ही आकडे वेळेसह वहीत लिहा. वही म्हणतो ती मुद्दाम. तक्रार करताना हीच वही तुमच्या बाजूने बोलते.

तारेवर तिन्ही वेळा पूर्ण वेग मिळाला, तर दोष वायफायमध्ये. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा, तर बाहेरच्या लाइनवर गर्दी. कोॲक्सवर वाड्यातली बरीच घरे एकाच लाइनचा वेग वाटून घेतात आणि रात्री सगळेच नेटवर सिनेमे लावतात. तिन्ही वेळा कमी, किंवा पाऊस पडला की कमी आणि ऊन पडले की ठीक, असे असेल तर बहुधा तारेत पाणी शिरले आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. प्लॅन २०० चा आणि टेस्ट दरवेळी ९३-९५ वरच अडकते, तर लाइन चांगली आहे. लॅन केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे किंवा उपकरणाचे पोर्टच १०० चे आहे. लॅन केबल बदलून पाहा.

वायफाय आणि चिऱ्याची भिंत

आपली जुनी घरे चिऱ्यांची. दीड-दोन फुटांच्या भिंती, त्यात पावसाळ्यात ओल. वायफायचे सिग्नल दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. अशा दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल जवळजवळ संपतो. राऊटर बहुतेक वेळा तार जिथून आत येते तिथेच, दाराजवळच्या कोपऱ्यात टीव्हीच्या मागे बसवलेला असतो. तो घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर आणि दाराच्या रेषेत आणा. राजांगणाचे घर असेल तर राजांगणाकडे तोंड असलेल्या जागी ठेवा. उघड्या जागेतून सिग्नल सहज फिरतो.

राऊटर ठेवलेल्या खोलीत ५ गिगाहर्ट्‌झ वापरा, लांबच्या खोल्यांत २.४. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांची गर्दी असेल तर २.४ चे चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळे असेल ते निवडा. एवढे करूनही मागची खोली कोरडीच राहिली, तर तिथपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवायला, लावा. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचे स्वस्त रिपीटर मी सहसा सुचवत नाही. ते एकाच वाहिनीवर ऐकतात आणि बोलतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो.

तार: खरे दुखणे बहुतेक इथेच

मागच्या पावसात डिचोलीला आमच्या घरी सिनेमे नीट चालत होते, पण मुलीच्या ऑनलाइन शिकवणीत तिचा आवाज तुटत होता. समोरच्याचे सगळे ऐकू येई, हिचे काही पोहोचत नसे. प्लग काढून वळचणीखालचा जोड उघडला, तेव्हा कनेक्टरमधून दोन थेंब पाणी तळहातावर पडले. मधल्या तारेवरचे तांबे हिरवे पडले होते आणि खालून तपकिरी गंज दिसत होता, कारण ही तार बहुधा आतून पोलादाची असते, वर तांब्याचा फक्त मुलामा. भोवतीच्या ॲल्युमिनियमच्या जाळीची पांढरी भुकटी झाली होती. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर ती आणखी लवकर होते.

आवाजच का तुटत होता? केबलमध्ये घरून बाहेर जाणारा सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि मोटार, विजेची शेगडी, खराब ट्यूबलाइट यांचा गोंगाटही तिथेच जास्त असतो. जाळी कुजली की तो गोंगाट आत शिरतो आणि अपलोड आधी आजारी पडते. एका घरचा सैल कनेक्टर हा गोंगाट लाइनवर सोडून शेजाऱ्यांचेही नेट बिघडवतो. म्हणून व्हिडिओ कॉल अडखळू लागला की डाउनलोडचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नका.

घरातले सगळे जोड तपासा. हाताने घट्ट करा, पक्कड लावून पिळू नका. तार भिंतीच्या भोकात शिरते तिथे आधी खाली झोळ असायला हवा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून ठिबकते, आत जात नाही. उघड्यावरच्या जोडाला साधी काळी टेप लावू नका. ती उन्हात सुटते आणि पाणी धरून ठेवते. स्वतःवरच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती लावा. केबलच्या आतली जाळी काळी पडली असेल, तर नुसता नवा कनेक्टर पुरत नाही, ती पूर्ण तार बदलायला सांगा. माडाची झावळ पडून तार ताणली गेली आहे का, हे लांबून पाहा. खांबावर मात्र स्वतः चढू नका, तिथे विजेच्या तारा असतात.

स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या दोन-तीन वाटा करणाऱ्या डब्या, मोजा. दोन वाटांचा एक स्प्लिटर प्रत्येक वाटेला साधारण साडेतीन डेसिबल खातो, म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद. जुन्या टीव्हीसाठी लावलेला, आता कोणी न वापरणारा स्प्लिटर काढून टाका. लागणारच असेल, तर त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्‌झ लिहिलेले असू द्या.

मोडेमचे आकडे

बऱ्याच केबल मोडेममध्ये ब्राउझरवर १९२.१६८.१००.१ हा पत्ता (इंग्रजी अंकांत) टाकला की सिग्नलचे पान उघडते. डाउनस्ट्रीम पॉवर (घरात येणाऱ्या सिग्नलची ताकद) उणे ७ ते अधिक ७ च्या आत असावी, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती) ३३ च्या वर असावा, अपस्ट्रीम पॉवर (घरून जाणाऱ्या सिग्नलची ताकद) साधारण ३५ ते ४९ असावी. अपस्ट्रीम ५० च्या पुढे गेली म्हणजे मोडेमला ऐकू जाण्यासाठी ओरडावे लागते आहे, वाटेत कुठेतरी सिग्नल गळतो आहे. या पानाचा फोटो कोरड्या दिवशी एकदा आणि पाऊस चालू असताना एकदा काढून ठेवा.

तक्रार

फोनवर "नेट स्लो आहे" एवढेच सांगितले, तर उत्तर ठरलेले असते, मोडेम बंद करून चालू करा. त्याऐवजी तारेवरचे आकडे, वेळा आणि पानाचे फोटो पाठवा आणि तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या. कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही, तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांत ती सोय आहे. रात्रीच्या गर्दीचा दोष असेल, तर शेजारच्या चार घरांनी आपापले आकडे काढून एकाच दिवशी तक्रार करावी. एका घराची तक्रार घरातल्या मोडेमवर ढकलता येते, चार घरांची ढकलता येत नाही.

माणूस दुरुस्तीला आला की त्याच्यासमोर लॅपटॉप पुन्हा तारेने जोडा, टेस्ट करा, अपस्ट्रीमचा आकडा पाहा आणि तो वहीत लिहून झाल्यावरच त्याच्या फॉर्मवर सही करा.