थंडीतली दहाची भूक कशी सांभाळावी

पहाटे चारला पेपरचे गठ्ठे उतरतात. पुरवण्या भरून पाचला सायकल काढायची, सातपर्यंत लाईन संपवायची. डिसेंबर-जानेवारीत बोटं गारठून जातात, पण त्या वेळी भूक नसते. दहाला येते, ती सावरू न देणारी. मी गाड्यावर भजी-पाव खात सुटायचो. मग साखर निघाली.

नर्सिंग शिकणाऱ्या लेकीनं मला २०२३ सालचं एक संशोधन समजावलं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत उंदरांना २३ अंशांतून ४ अंशांच्या गारव्यात ठेवलं. ते लगेच खायला धावले नाहीत. आधी हालचाल कमी केली, सुमारे सहा तासांनी अन्न शोधू लागले. अंग गरम ठेवायला ऊर्जा जळते, ती भरून काढायला निघाले. मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागाच्या मध्यभागी झायफॉइड न्यूक्लिअस नावाचा पेशींचा छोटा पुंजका आहे, तो त्या वेळी जागा होतो. त्या पेशी दाबल्या की शोध कमी, चेतवल्या की जास्त, आणि हे गारव्यातच. उंदराचं घड्याळ माणसाला लावू नका. पण भूक थंडीच्या मागून येते, हे मला पटलं.

म्हणून आधी थंडी अडवा. स्वेटरच्या आत, छातीवर कालचा पेपर घडी करून ठेवा. सायकलवरचा वारा आत शिरत नाही. कानटोपी, पायमोजे हवेतच. माझ्याकडच्या पोरांना त्याशिवाय मी लाईनवर सोडत नाही.

भूक लागायची वाट बघू नका. सातला घरी आलो की मी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दही खातो. स्वयंपाक झाला नसेल तर कडक भाकरी गरम आमटीत कुस्करायची. कडक भाकरी डब्यात कायम असते. हुलग्याचं माडगं असेल तर फारच छान. चहा बिनसाखरेचा.

तरी दहाला पोट ओरडलंच, तर मूठभर फुटाणे खा. उपाशी राहून भूक मारू नका. इन्सुलिन किंवा साखर कमी करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर मुळीच नको. साखर एकदम उतरू शकते. जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत लाईन संपायला आठ वाजतात. तेव्हा अर्धी भाकरी फडक्यात बांधून हँडलला अडकवतो.