रिसेप्टरांची जोडी फ्रेटने कशी मोजाल

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यावरचं, संदेश घेणारं प्रथिन. दोन रिसेप्टर जोडीने असतात का, ते फ्रेटने कळतं: एक चमकणारं प्रथिन अगदी जवळच्या दुसऱ्याला ऊर्जा देतं नि स्वतः मंदावतं. एका रिसेप्टरच्या पेशीआतल्या टोकाला सेरुलियन (निळसर चमकणारं, ऊर्जा देणारं प्रथिन), दुसऱ्याच्याला व्हीनस (पिवळं, ऊर्जा घेणारं) जोडा. प्लास्मिड, म्हणजे ही प्रथिनं बनवायला पेशीत सोडायचा डीएनए, कमीच द्या. पडद्यावर गर्दी झाली की नुसते शेजारीही जोडीदार भासतात. २४ तासांनी फिनॉल रेड हा रंग नसलेल्या माध्यमात, २० मिलिमोलर हेपीस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) घालून, ३७ अंशांवर पाहा. लेन्स तासभर आधी तापवा. मुंबईत एसीने गार झालेल्या काचेवर दार उघडताच बाष्प धरतं, शिवाय फोकस सरकतो तो वेगळाच.

सेरुलियनचं चित्र घ्या, ५१४ नॅनोमीटरच्या लेसरने अख्ख्या पेशीतला व्हीनस विझवा, पुन्हा चित्र घ्या. ऊर्जा घेणारा विझला की जोडीतला सेरुलियन उजळतो. कोपराच विझवलात तर बाजूचे रिसेप्टर सरकून येतात, आकडा घसरतो. पार्श्वभूमी वजा करून: फ्रेटची कार्यक्षमता = १ − (सेरुलियनची आधीची चमक ÷ नंतरची). तुलनेसाठी, संबंध नसलेल्या पडदा-प्रथिनाशी केलेली जोडीही मोजाच.